गोळी चालू असताना गाडी चालवायची आहे? पहिल्या डोसआधीपासून रस्त्यावरच्या तपासणीपर्यंत काय करायचं

औषधांच्या काउंटरमागे उभं राहिलं की दिवसभर तेच दोन प्रश्न कानावर येतात: गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, आणि किती दिवस घ्यायची. "ही घेऊन गाडी चालवू का?" असं विचारणारा महिन्यातून एखादा भेटतो. बाकीचे स्ट्रिप खिशात टाकतात, किल्ली काढतात आणि निघतात.

त्यामागचा समज बहुतेकांचा एकच असतो. औषध डॉक्टरांनी लिहून दिलंय, पावती आहे, नशा करायला थोडंच घेतलंय, मग पोलीस काय करणार? हा समज चुकीचा आहे आणि तो महागात पडतो. औषध घेण्याची परवानगी आणि ते घेऊन गाडी चालवण्याची मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक ज्या क्रमाने चुकतात, त्याच क्रमाने पुढचे टप्पे लावले आहेत.

सावधान: हा लेख वाचून चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. फिटची गोळी, इन्सुलिन, मानसिक आजारावरची औषधं अचानक सोडून गाडी चालवणं हे ती घेऊन चालवण्यापेक्षा जास्त घातक ठरू शकतं. बंद करायचं असेल तर आधी गाडी बंद करा. औषधाचं डॉक्टरांशी बोलून ठरवा.

## टप्पा 1: कायदा काय बघतो ते आधी समजून घ्या

देशोदेशीचे कायदे वेगळे असले तरी ते ढोबळमानाने दोनच प्रश्न विचारतात. चालकाचा गाडीवर ताबा होता का? आणि रक्तात ठरावीक पदार्थ ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त होता का?

भारतात मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 185 हे दोन्ही प्रश्न विचारतं, पण वेगवेगळ्या गोष्टींसाठी. दारूला आकडा आहे: 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त. औषधाला आकडा नाही. तिथे अमलामुळे चालक गाडीवर योग्य ताबा ठेवू शकत नव्हता का, एवढंच बघितलं जातं. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कलम 186 त्याहून वेगळं आहे. आपल्याला असलेल्या आजारामुळे आपलं गाडी चालवणं इतरांना धोक्याचं आहे, हे माहीत असूनही चालवणाऱ्याला ते लागू होतं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 2 मार्च 2015 पासून औषधांनाही आकडे लागले. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांपैकी डायझेपाम एक लिटर रक्तात 550 मायक्रोग्रॅम, क्लोनाझेपाम 50, लोराझेपाम 100, आणि तीव्र वेदनांवरचं मॉर्फिन 80. यातली बरीचशी औषधं डॉक्टर रोज लिहून देतात, म्हणून रुग्णाला बचावाची सोयही ठेवली आहे: औषध मला लिहून दिलं होतं आणि मी सांगितल्याप्रमाणेच घेतलं होतं. पण याच तरतुदीत एक अट आहे, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. औषध घेतल्यावर किती वेळ गाडी चालवू नये, हे डॉक्टरांनी किंवा सोबतच्या सूचनापत्रकाने सांगितलं असेल आणि तुम्ही ते पाळलं नसेल, तर हा बचाव मिळत नाही. न वाचता फेकून दिलेलं ते घडीचं पत्रक कोर्टात तुमच्याविरुद्ध उभं राहू शकतं. शिवाय ताबा सुटल्याचं दिसलं तर तो गुन्हा वेगळाच, तिथे आकड्याचा संबंध नाही.

जर्मनीत काही पदार्थ रक्तात सापडले तर दंड होतो, पण ते विशिष्ट आजारासाठी लिहून दिलेल्या औषधातून, सांगितल्याप्रमाणे घेतल्यामुळे आले असतील तर सूट मिळते. ही सूट त्या दंडापुरतीच आहे. गाडी चालवण्याच्या अवस्थेतच नसाल तर फौजदारी कलम लागतं. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात तर स्पष्टच लिहिलंय की औषध घेण्याचा कायदेशीर हक्क असणं हा बचाव होऊ शकत नाही.

तपासा: तुम्ही जिथे गाडी चालवता तिथला कायदा कोणत्या प्रकारचा आहे? आकड्याचा, ताब्याचा की दोन्हीचा? परदेशात भाड्याने गाडी घेणार असाल तर हे निघण्याआधी बघा. घरी चालणारं औषध तिकडे चालेलच असं धरून चालू नका.

## टप्पा 2: घरातली सगळी औषधं टेबलावर काढा

यादी आठवून करू नका. डबा उघडा, पर्स उघडा, गाडीचा कप्पा उघडा. रोजच्या गोळ्या, "लागली तर" म्हणून ठेवलेल्या गोळ्या, खोकल्याचं औषध, डोळ्यांत घालायचे थेंब, प्रवासातल्या उलटीची गोळी, आयुर्वेदिक आसवं, होमिओपॅथीचे अर्क, सगळं समोर येऊ द्या. चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधं लोक यादीत धरतच नाहीत, आणि घात तिथेच होतो.

आता प्रत्येकाचं ब्रँडचं नाव बाजूला ठेवा आणि त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं घटकाचं नाव लिहा.

हे का सांगते, त्याचं उदाहरण. टेम्पो चालवणारे एक काका सर्दीची गोळी घेऊन गेले होते. तिसऱ्या दिवशी परत आले. म्हणाले, डोकं जड आहे आणि काल गेटमधून गाडी काढताना डाव्या बाजूचा आरसाच गेला. झोप नव्हती आली, फक्त भिंत जवळ आहे हे उशिरा कळलं. मी विचारलं, अजून काय घेताय? त्यांनी पिशवीतून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली, दुसऱ्या दुकानातून आणलेली. मी स्ट्रिप आणि बाटली शेजारी शेजारी ठेवली आणि दोन्हींवर पेनाने एकाच शब्दाखाली रेघ ओढली: क्लोरफेनिरामाइन. नावं दोन, रंग दोन, कंपन्या दोन आणि गुंगी आणणारा घटक तोच, दुप्पट. काका बराच वेळ त्या दोन रेघांकडे बघत राहिले.

तपासा: यादीत एकच घटक दोनदा आलाय का? आला असेल तर पुढे जाण्याआधी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला दाखवा.

## टप्पा 3: कोणतं औषध गाडीच्या आड येतं ते ओळखा

पत्रकात "वाहन चालवणे आणि यंत्रे वापरणे" अशा अर्थाचा एक परिच्छेद असतो, आधी तो शोधा. काही देशांत खोक्यावरच खूण छापतात. फ्रान्समध्ये गाडीच्या चित्राचे तीन रंग आहेत: पिवळा, नारिंगी आणि लाल. लाल म्हणजे चालवूच नका. नॉर्वेत लाल त्रिकोण असतो. खूण नाही म्हणजे धोका नाही, असं मात्र समजू नका. सुटी कापून दिलेल्या स्ट्रिपवर ना खूण असते ना पत्रक.

जास्त सांभाळायचे गट असे:

- सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या गोळ्या: क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामाइन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सिझिन. सेटिरिझिन आणि लिव्होसेटिरिझिन त्यामानाने सौम्य, तरी काहींना चांगलीच गुंगी येते. फेक्सोफेनाडिन आणि लोराटाडिनने ती सहसा येत नाही.
- झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, लोराझेपाम, झोल्पिडेम.
- तीव्र वेदनांवरची औषधं: ट्रामाडॉल, कोडीन, मॉर्फिन. नसांच्या दुखण्यावरची प्रिगाबालिन आणि गाबापेंटिनही यातच धरा.
- नैराश्यावरची काही औषधं: ॲमिट्रिप्टिलिन आणि मिर्टाझापिन जास्त सुस्ती आणतात.
- स्नायू सैल करणारी: टिझानिडिन, बॅक्लोफेन.
- पार्किन्सनवरची प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल: यांच्यामुळे कधी कधी पूर्वसूचना न देता झोप लागते, म्हणून यांना वेगळं लिहिलं. अस्वस्थ पायांच्या आजारावरही ती देतात. एकदा जरी असं झालं तरी डॉक्टरांना भेटेपर्यंत चाकाला हात लावू नका.
- डोळ्यांची बाहुली मोठी करणारे थेंब: ट्रॉपिकामाइडनंतर काही तास नजर धूसर राहते आणि उजेड डोळ्यांत घुसतो. डोळे तपासायला जाताना गाडी चालवायला सोबत कुणीतरी हवं.

मधुमेहाचं गणित वेगळं आहे. इथे औषधाने गुंगी येत नाही, साखर उतरते. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा इतकी खाली जात नाही. इन्सुलिन घेणाऱ्या चालकांसाठीचा ब्रिटनमधला नियम मला सगळ्यांत व्यवहारी वाटतो. निघण्याआधी दोन तासांच्या आत साखर मोजायची आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी पुन्हा मोजायची. 5 मिलिमोल म्हणजे साधारण 90 मिलिग्रॅम किंवा त्याखाली असेल तर आधी काहीतरी खायचं. 4 म्हणजे साधारण 72 च्या खाली असेल तर चालवायचंच नाही. साखर उतरल्यावर खाऊन ती जागेवर आली तरी 45 मिनिटं थांबायचं, कारण मेंदू सावरायला साखरेपेक्षा जास्त वेळ घेतो. गोड खाल्लं, बरं वाटलं, निघालो, ही चूक मी फार वेळा ऐकली आहे.

सावधान: यातलं कुठलंही औषध आणि दारू हे एकत्र नकोच, अगदी थोडी दारूसुद्धा. दोन्हींचा परिणाम एकमेकांवर चढतो. पोटात कायदेशीर मर्यादेइतकी दारू आणि चिठ्ठीवरची अर्धी गोळी असलेल्या माणसाचा हात मर्यादेबाहेर प्यायलेल्यासारखा चालू शकतो.

## टप्पा 4: डॉक्टरांना नेमकं विचारा

"काही त्रास नाही ना होणार?" असं विचारलं तर "नाही" हेच उत्तर येतं, कारण डॉक्टर पोटाचा आणि पित्ताचा विचार करत असतात. आधी आपला दिवस सांगा: सकाळी किती वाजता गाडी काढता, किती तास चालवता, दुचाकी की ट्रक, रात्रपाळी आहे का. मग हे विचारा:

1. हे औषध घेतल्यावर किती तास गाडी चालवायची नाही?
2. सुरुवातीचे किती दिवस चालवू नये?
3. माझ्या यादीतल्या इतर औषधांमुळे याचा परिणाम वाढेल का?
4. कमी गुंगीचा पर्याय आहे का, किंवा डोसची वेळ बदलता येईल का?

तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. काही औषधं यकृतात दुसऱ्या औषधाची वाट अडवतात. अल्प्राझोलाम वर्षभर बिनतक्रार घेणाऱ्याला बुरशीसाठी इट्राकोनाझोल किंवा संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन सुरू झालं, की त्याच डोसमधलं अल्प्राझोलाम रक्तात जास्त साठतं. गोळी तीच, परिणाम मोठा.

उत्तर तोंडी घेऊन निघू नका. "इतके तास वाहन चालवू नये" असं चिठ्ठीवर लिहून मागा. बहुतेक डॉक्टर लगेच लिहून देतात.

## टप्पा 5: पहिला डोस कधी घ्यायचा ते ठरवा

नवीन औषधाचा पहिला डोस गाडी चालवायची नसेल अशा दिवसाच्या आदल्या रात्री घ्या. डॉक्टरांनी तातडीने सुरू करायला सांगितलं असेल तर औषध लगेच घ्या आणि गाडी घरी ठेवा. पहिले काही दिवस शरीर औषधाला सरावत असतं आणि गुंगी तेव्हाच जास्त असते. डोस वाढवल्यावर हेच पुन्हा होतं.

इथली मोठी चूक म्हणजे "रात्री घेतली, सकाळी उतरली" हा हिशेब. औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणाऱ्या वेळाला अर्धायुष्य म्हणतात. क्लोनाझेपामचं ते साधारण 30 ते 40 तास असतं. डायझेपाम तर कित्येक दिवस रेंगाळतं आणि त्यापासून शरीरात तयार होणारा पुढचा घटक त्याहूनही जास्त. औषध जवळपास पूर्ण निघून जायला साधारण पाच अर्धायुष्यं लागतात. रोज रात्री घेणाऱ्याच्या रक्तात ते दुपारीही असतंच.

अर्धायुष्य छोटं असलं की प्रश्न मिटला असंही नाही. झोल्पिडेमचं जेमतेम अडीच तासांच्या आसपास आहे. तरीही 2013 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्त्रियांसाठीचा शिफारस केलेला डोस 10 वरून 5 मिलिग्रॅमवर आणला, कारण सकाळी गाडी चालवताना बाधा येईल इतकं औषध काहींच्या रक्तात शिल्लक राहत होतं. स्त्रियांच्या शरीरातून ते हळू बाहेर पडतं. हळूहळू विरघळणाऱ्या प्रकाराबद्दल तर सूचनाच आहे की दुसऱ्या दिवशी गाडी चालवू नका. मध्यरात्री दोनला जाग आली म्हणून गोळी घेऊन सातला गाडी काढणं म्हणजे सरळ धोका पत्करणं.

छोट्या शस्त्रक्रियेसाठी किंवा दुर्बिणीच्या तपासणीसाठी गुंगीचं इंजेक्शन दिलं असेल तर 24 तास चालवायचं नाही. दोन तासांत टक्क जागे वाटाल, तरी नाही.

## टप्पा 6: किल्ली फिरवण्याआधी दोन मिनिटं

गुंगीत असलेल्या माणसाला आपण गुंगीत आहोत हे नीट कळत नाही. म्हणून "मला ठीक वाटतंय" यावर थांबू नका. उभं राहून मान दोन्हीकडे वळवा, गरगरतंय का बघा. दूरची पाटी वाचा, मग लगेच हातातला फोन वाचा. नजर बदलायला वेळ लागतोय का? आज सकाळपासून एकच गोष्ट दोनदा विसरलात का? घरच्यांना विचारा की बोलणं संथ वाटतंय का. त्यांना ते आपल्याआधी कळतं.

रस्त्यावरची लक्षणं याहून बारीक असतात. सिग्नल हिरवा झाल्याचं मागच्याच्या हॉर्नने कळणं, ब्रेक थोडा उशिरा दाबला जाणं, मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते न आठवणं. यातलं एक जरी झालं तरी सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि न्यायला कुणाला तरी बोलवा. काच खाली करून किंवा कॉफी पिऊन औषध उतरत नाही.

## टप्पा 7: कागद सोबत ठेवा

चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये आहे, तेवढं पुरेसं नाही. बॅटरी संपते, फोन फुटतो. गाडीत एका पाकिटात चिठ्ठीची छायाप्रत, बिल आणि सध्या चालू असलेल्या औषधांची यादी ठेवा. औषध मूळ स्ट्रिपमध्ये किंवा लेबल असलेल्या डब्यात असू द्या. आठवड्याच्या खणांच्या डबीतल्या सुट्या गोळ्या पाहून कुणालाही शंका येईल आणि तुम्हाला त्या कुठल्या आहेत हे सिद्ध करता येणार नाही.

दुसऱ्याच्या नावावरची गोळी घेतली असेल तर कुठलाच कागद कामी येत नाही. बायकोची झोपेची गोळी नवऱ्याने, आईची दुखण्याची गोळी मुलाने घेणं ही घराघरातली गोष्ट आहे, पण कायद्याच्या नजरेत ते तुम्हाला लिहून दिलेलं औषध नाही.

## टप्पा 8: तपासणीसाठी थांबवलं तर

गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, हात दिसतील असे ठेवा आणि मग या क्रमाने:

1. श्वासाच्या यंत्राआधी सांगा. ते यंत्र दारू मोजतं, गोळी त्यात दिसत नाही. मात्र अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध, आसव किंवा माउथवॉश नुकतंच घेतलं असेल तर तोंडात राहिलेल्या अंशामुळे आकडा वर जाऊ शकतो. तसं सांगा आणि 15 मिनिटांनी पुन्हा चाचणी घ्यावी अशी विनंती करा.
2. औषध विचारलं तर खोटं बोलू नका. कागद दाखवा. "थोडीशी गुंगी येते, पण सवय आहे" असली वाक्यं टाळा; ते तुमच्याच तोंडचं विधान म्हणून नोंदलं जातं. सविस्तर जबाब देण्याआधी वकिलाशी बोलण्याचा हक्क वापरा.
3. चाचणीला नकार देण्याची घाई करू नका. ब्रिटनमध्ये योग्य कारणाशिवाय दिलेला नकार हा स्वतंत्र गुन्हा आहे. भारतात कलम 205 प्रमाणे तो तुमच्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देणारा धरला जाऊ शकतो.
4. लाळेच्या किंवा लघवीच्या झटपट चाचणीवर प्रकरण संपू देऊ नका. ती प्राथमिक असते आणि साध्या औषधांनीही फसते. स्यूडोएफेड्रिन ॲम्फेटामाइनसारखं भासू शकतं. प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमेट्रीने (पदार्थ नेमका कोणता ते ओळखणाऱ्या तपासणीने) खात्री करून घेण्याची मागणी लेखी नोंदवा.

रिपोर्ट हातात आल्यावर घाबरू नका, आधी तो नीट वाचा. एकट्या डायझेपामपासून शरीरात टेमाझेपाम आणि ऑक्झाझेपाम तयार होतात, त्यामुळे एक गोळी घेतलेल्याच्या रिपोर्टवर तीन-चार नावं येऊ शकतात. कोडीनपासून मॉर्फिन बनतं. पार्किन्सनवरच्या सेलेजिलिनपासून मेथॲम्फेटामाइनचा एक प्रकार बनतो. "मी हे घेतलंच नाही" असं ओरडण्याआधी तो कागद आणि आपली यादी घेऊन फार्मासिस्टकडे किंवा डॉक्टरांकडे जा आणि कुठलं नाव कशातून आलं ते लिहून घ्या. वकिलाला तेच लागेल.

## पुन्हा टप्पा 2 वर कधी यायचं

डोस बदलला, कंपनी बदलून वेगळ्या ताकदीची गोळी आली, नवीन औषध जोडलं गेलं, एखादं बंद झालं, वजन बरंच उतरलं, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास निघाला, तर यादी नव्याने करा. वयाच्या साठीनंतर जुनाच डोस जास्त गुंगी आणू शकतो, म्हणून साठीपुढच्यांनी वर्षातून एकदा तरी पूर्ण पिशवी घेऊन दुकानात यावं. टेम्पोवाले काका आता तसंच करतात. नवीन काही घेतलं की आधी जुनी बाटली काउंटरवर ठेवतात आणि स्वतःच बोटाने घटकाचं नाव शोधायला लागतात.